श्वासाचा व्यायाम आणि कबड्डीची पोरं : हंगामातल्या नोंदी

४ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला सराव. कुणी किती लाडू-करंज्या हाणल्यात ते वॉर्मअपलाच कळलं. पोरं तीच, पलूस भागातली, निम्मी द्राक्षबागेत, दोघं-तिघं कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला, एक सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर आणि उरलेली कॉलेजला. मी दिवसा शाळेत खेळाचा मास्तर आणि संध्याकाळी मंडळाचा.

यंदा एक गोष्ट नीट तपासून बघायची ठरवलीय म्हणून ही वही. आपण मांड्यांना, खांद्याला, पोटाला सगळ्यांना व्यायाम देतो, मग श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंना वेगळा भार दिला तर खेळ सुधारतो का आणि दोन चढायांच्या मधे पोरगं लवकर सावरतं का. मला दुसऱ्या प्रश्नातच जास्त रस आहे. चढाई ३० सेकंदाची, तेवढं कुणीही पळतं, पण २०-२० मिनिटांच्या दोन हाफमधे तोच रेडर परत परत जातो आणि शेवटच्या पाच मिनिटांत बोनस लाइनला पाय न लावताच माघारी यायला लागतो, कारण आधीच्या चढाईचा श्वास अजून खाली बसलेला नसतो. आमच्या गेल्या वर्षीच्या हरलेल्या मॅचेस बहुतेक तिथंच गेल्यात. त्यात आपल्या खेळात दम घालायचा असतो, म्हणजे चढाईभर तोंडानं कबड्डी कबड्डी चालू, श्वास नुसता बाहेर जातोय, आत घ्यायचा तो मागं आल्यावर.

आण्णांना सांगितलं. आमचे जुने कोच, सत्तरी पार केलीय तरी रोज मैदानावर. म्हणाले, "दम वाढवायचा तर कृष्णेत पोहायला घाल की पोरांना, यंत्रं कसली आणतोयस लका." पोहणं वाईट कोण म्हणतंय, पण पोहण्यात सगळंच सुधारतं, मग कशामुळं काय झालं ते कळत नाही.

८ नोव्हेंबर

मिरजेला फिजिओ मॅडमना भेटून आलो. मंडळाच्या एका जुन्या खेळाडूची बहीण, छातीच्या पेशंटांचे व्यायाम घेतात. चहा होईपर्यंत त्यांनी माझ्या डोक्यातली पहिली समजूतच काढून टाकली. मी म्हणालो फुप्फुसाची कपॅसिटी वाढवायची आहे. त्या म्हणाल्या सर, धडधाकट पोराचं फुप्फुस कमी पडतच नाही, कमी पडतात ते फुप्फुस हलवणारे स्नायू, आणि ह्या व्यायामानं व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, वाढत नाही, ती आशा आधीच सोडा.

मग फायदा होतो तो कुठून, तर ते असं. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत-बाहेर करतो, जोरात पळताना तेच १०० च्या वर जातं. एवढी हवा ओढायला डायफ्रॅम (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा), बरगड्यांमधले स्नायू, मानेचे स्नायू सगळे राबतात आणि त्यांना पण रक्त लागतं, ऑक्सिजन लागतो. निवांत असताना शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी एखाद-दोन टक्केच श्वासावर खर्च होतो, पण अगदी जीव तोडून पळताना हा खर्च १० ते १५ टक्क्यांवर जातो. आणि डायफ्रॅम दमायला लागला की त्याच्या नसांमधनं मेंदूकडं निरोप जातो आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे शरीर पायांचं रक्त कापून श्वासाला देतं. एका डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्स्फॉर्मरवर, पाण्याच्या दोन मोटारी चालू केल्यावर कसं होतं ते आमच्याकडं कुणाला सांगायला नको.

हे नुसतं तर्काचं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेरोम डेम्प्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ च्या सुमारास सायकलपटूंवर हे मोजलं. सायकल जोरात चालू असताना श्वासाचं काम मशीननं हलकं केलं तर पायातला रक्तप्रवाह वाढला, श्वासाला अडथळा लावला तर कमी झाला. पुढं २००० साली त्याच गटानं दाखवलं की श्वासाचं काम हलकं केल्यावर माणूस सुमारे १४ टक्के जास्त वेळ टिकला आणि अडथळा लावल्यावर सुमारे १५ टक्के कमी. एकाच माणसाचे तेच पाय, फरक फक्त श्वासाच्या कष्टाचा. येताना एसटीत बसून हेच डोक्यात फिरत होतं, की आपण पोरांना "पायात जोर न्हाई" म्हणून शिव्या घालतो आणि खरा जोर वर बरगडीत संपलेला असू शकतो.

एक मात्र मॅडमनी बजावलं. डायफ्रॅम असा दमतो तो फार जोराच्या, म्हणजे आपल्या कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांच्या वरच्या आणि लांबलेल्या कामात. संथ जॉगिंगमधे हा प्रश्नच येत नाही.

१३ नोव्हेंबर

श्वासाच्या स्नायूंना भार द्यायचं यंत्र आलं. मुठीत मावेल एवढं, तोंडात धरायचा रबरी तुकडा, आत स्प्रिंगवर बसलेला व्हॉल्व्ह आणि खाली फिरवायची टोपी. ठरावीक जोरानं हवा ओढल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडतच नाही, बाहेर सोडताना मात्र काही अडथळा नाही. टोपी आवळली की स्प्रिंग दाबली जाते आणि भार वाढतो, बस एवढंच. ह्या जातीचं यंत्र १९९० च्या दशकात इंग्लंडमधे बर्मिंगहॅम विद्यापीठात अॅलिसन मॅककॉनेल ह्या बाईंच्या कामातून पुढं आलं, पॉवरब्रीद नावानं ते जगभर विकलं जातं. आम्ही स्वस्तातलं घेतलं, तत्त्व तेच. थुंकीचा प्रश्न असल्यामुळं प्रत्येकाला वेगळं लागतं, म्हणून गणपतीच्या वर्गणीतली शिल्लक वापरली. खजिनदारांनी तोंड वाकडं केलं पण दिले पैसे.

१५ नोव्हेंबर

मोजमाप. मॅडम श्वास ओढायचा जोर मोजायचं मीटर घेऊन मैदानावर आल्या. सगळा श्वास सोडून द्यायचा, अगदी पोट पाठीला लागेपर्यंत, आणि मग बंद नळीतून जीव खाऊन हवा ओढायची, निदान एक सेकंद टिकवायची. आकडा येतो पाण्याच्या सेंटिमीटरमधे, म्हणजे त्या ओढीनं नळीत पाणी किती सेंटिमीटर वर चढेल तेवढा, तरुण पुरुषाचा साधारण १०० च्या आसपास, कमी-जास्त. तोंडाच्या तुकड्याला मुद्दाम एक सुईएवढं भोक ठेवलेलं असतं, नाहीतर पोरं गाल आत ओढून आकडा वाढवतात. भोक बघितल्यावर आमच्या लेफ्ट कॉर्नरला खेळणाऱ्या पोरानं पहिलं काय केलं असेल तर त्यावर बोट ठेवलं.

आणि पहिला आकडा धरायचा नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी स्नायू तेच असतात पण पोरगं शिकलेलं असतं, त्यामुळं आकडा आपोआप वर सरकतो. तीन आकडे जवळजवळ सारखे येईपर्यंत घेत राहिलो, संध्याकाळ ह्यातच गेली आणि सरावाला उशीर झाला म्हणून आण्णा बांधावर बसून खोकत होते. उगाच खोकत होते, मला कळतंय.

ज्याचा आकडा सगळ्यात कमी आला तो अडतीवरचा पोरगा, अंगानं सगळ्यात भरलेला. ५० किलोची पोती उचलतो, पण ७० च्या पुढं काटा जाईना. अंगाचा जोर आणि श्वासाचा जोर ह्यांचा तसा काही करार झालेला नसतो म्हणायचं.

१६ नोव्हेंबर

चाचणी कुठली घ्यायची ह्यावर बराच विचार केला. शेवटी २००२ साली रोमर, मॅककॉनेल आणि जोन्स ह्या संशोधकांनी वापरलेली कल्पनाच उचलली. त्यांनी वारंवार छोट्या धावा मारायला लावल्या, प्रत्येक धावेनंतर किती वेळ थांबायचं ते खेळाडूनं स्वतः ठरवायचं, आणि हा थांबण्याचा एकूण वेळ मोजायचा. त्यांच्यात व्यायाम केलेल्या गटाचा थांबण्याचा वेळ सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला होता. कबड्डीला ह्याच्याइतकी जवळची चाचणी मला तरी सुचली नाही. आम्ही २० मीटर पळायचं, थांबायचं, "तयार" वाटलं की परत पळायचं असं ठेवलं, घड्याळ पोरांना दिसणार नाही असं.

पोरं दोन गटांत चिठ्ठ्या टाकून. एका गटाला स्वतःच्या कमाल आकड्याच्या निम्म्या भारावर ३० श्वास, सकाळ-संध्याकाळ, ही सगळीकडं वापरली जाणारी पद्धत. दुसऱ्याला फक्त १५ टक्के भारावर दिवसातनं एकदा ६० श्वास, सावकाश. १५ टक्क्यांत स्नायू कमवायला काहीच नाही, पण काहीतरी करतोय असं वाटतं. मॅडमचं म्हणणं पोरांशी खोटं बोलायचं नाही, म्हणून सांगितलं, दोन पद्धती आहेत, कुठली चालते ते बघतोय, आणि जी चालेल ती नंतर सगळ्यांना देणार. टोपीवरचा आकडा दिसू नये म्हणून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. घड्याळ लावायला माझ्या शाळेतला शिपाई दादा, त्याला कोण कुठल्या गटात ते माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची हौस पण नाही.

१९ नोव्हेंबर

ह्या आठवड्यात सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय.

एकजण घरनं ते तीन बॉलचं स्पायरोमीटर घेऊन आला, कोविडमधे प्रत्येक घरात आलेलं. ६००, ९००, १२०० लिहिलेलं. सर हे फुकटात असताना यंत्र कशाला. मॅडमना फोनवर विचारलं. ते बॉल हवा किती वेगानं ओढता ते दाखवतात, ऑपरेशननंतर किंवा न्यूमोनियानंतर फुप्फुस नीट उघडावं म्हणून असतं ते, त्यात स्नायूला भार असा जवळजवळ नाहीच. निरोगी पोरगं तीनही बॉल सहज वर धरतं आणि तिथं संपलं. आमच्या सगळ्यांनी धरले, दोघांनी मोबाइलवर बोलत बोलत.

दुसऱ्यानं ऑनलाइन मास्क मागवलाय, तोंडावर काळा, पुढं झडपा, जाहिरातीत हिमालय. त्यात डोंगरावरच्या विरळ हवेसारखा परिणाम होतो म्हणे. तसं काही होत नाही, हवा तीच असते, फक्त ओढायला त्रास होतो, म्हणजे झालाच तर श्वासाच्या स्नायूंना थोडा व्यायाम, आणि वर पळण्याचा वेग कमी होतो म्हणून पायांचा सराव बुडतो. काढायला लावला. दिसायला भारी होता हे खरं.

आणि एका बाबांनी वडाच्या पारावरून कपालभाती सुचवली. कपालभातीत जोर श्वास बाहेर फेकण्यावर असतो, पोटाचे स्नायू काम करतात, आत येताना श्वास आपसूक येतो. आपल्याला आत ओढणारे स्नायू हवेत. भस्त्रिका जरा जवळची आहे, पण तिच्यातही भार नाही, वेग आहे. सकाळी करायची तर करावी, तिला माझा विरोध नाही, फक्त ह्या दोन महिन्यांत नवीन काही सुरू करू नका एवढं सांगितलं.

२३ नोव्हेंबर

पद्धत बसवायला आठवडा गेला आणि मला वाटतं अर्धं काम हेच आहे. पोरं यंत्र तोंडात धरून नुसती छातीच्या वरच्या भागातनं हुप्प हुप्प करतात, खांदे कानाला लागतात. बरोबर असं: आधी पूर्ण श्वास सोडायचा, मग एका झटक्यात, खालच्या बरगड्या बाजूला उघडतील असा ओढायचा, आणि मग सावकाश सोडायचा. कमरेच्या वर दोन्ही बाजूंना हात ठेवून बघायचं, हात बाहेर ढकलले गेले पाहिजेत. पूर्ण सोडणं का महत्त्वाचं, तर फुप्फुस रिकामं असताना हे स्नायू सगळ्यात ताकदवान असतात आणि भरत जाईल तसे लंगडे पडतात. त्यामुळं भार बरोबर असेल तर विसाव्या-पंचविसाव्या श्वासाला एक मजा होते, सुरुवात जोरात होते आणि अर्ध्यातच व्हॉल्व्ह फट् करून बंद होतो, श्वास कापल्यासारखा. तो फट् आवाज येईपर्यंत भार हलका समजायचा. तिसाव्याला सुद्धा आला नाही तर टोपी पाव फेरा आवळायची.

दोघांना चक्कर आली. घाईघाईत श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि डोकं हलकं होतं, घाबरायचं कारण नाही, श्वास सोडल्यावर जरा थांबायचं आणि मग पुढचा घ्यायचा. नाकाला चिमटा लागतो. चार पोरांनी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले आणि सकाळी कॉलेजात नाकावर लाल वळ घेऊन गेली.

धुण्याचं पण लिहून ठेवतो, कोमट पाण्यात बुडवून, झटकून, उलटं ठेवून वाळवायचं. उन्हात ठेवलं की रबर कडक होतं.

२७ नोव्हेंबर

आमचा राइट कव्हरला खेळणारा पोरगा सुट्टीवर. म्हणजे ह्या प्रकल्पातनं सुट्टीवर, सरावाला येतोय. बागेत ब्लोअरचा ट्रॅक्टर तोच चालवतो, सध्या द्राक्षाला फवारण्यांचा मोसम, आणि त्याची छाती लहानपणापासून जरा वाजते, दम्याचा पंप वापरतो. मॅडमनी सांगितलं आधी छातीच्या डॉक्टरला दाखव. दमेकऱ्यांना हा व्यायाम देतात सुद्धा, पण डॉक्टरच्या नजरेखाली. बाकी कधी फुप्फुसात हवेची गळती होऊन ते बसलं असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल, पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन नुकतं झालं असेल तर ह्या यंत्राला हातच लावायचा नाही.

त्याला मी मास्क पण दिला फवारणीचा, जाळीचा नाही, फिल्टरवाला. वापरेल असं वाटत नाही, उपरण्यावरच भरवसा.

२ डिसेंबर

आज आण्णांशी वाद झाला, आणि हा वाद मला आवडला म्हणून सविस्तर लिहितोय.

चढाई करून पोरगं मागं आलं की गुडघ्यावर हात टेकून वाकतं. आण्णा लगेच ओरडतात, "वाकू नको, छाती वर काढ, हात डोक्यावर घे." मी पण आयुष्यभर हेच ओरडत आलोय, मला माझ्या मास्तरांनी हेच शिकवलं. समोरच्याला आपण दमलेलो दिसू नये हे त्यातलं एक कारण, आणि छाती उघडली की जास्त हवा येते हे दुसरं.

२०१९ साली अमेरिकेतल्या वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर नेमकं हेच तपासलं गेलं. जोराच्या धावांच्या मधे एकदा हात डोक्यावर ठेवून उभं राहायचं, एकदा गुडघ्यावर हात ठेवून वाकायचं. वाकलेल्या वेळी नाडी जास्त लवकर खाली आली, एका श्वासात येणारी हवा पण जास्त. कारण वाकल्यावर डायफ्रॅम घुमटासारखा वर जाऊन बरगडीला चिकटून बसतो आणि पुढच्या ओढीला त्याला चांगली पकड मिळते. हात डोक्यावर घेतले की बरगड्या आधीच वर उचललेल्या, डायफ्रॅम सपाट, ओढायला जागाच नाही.

आण्णांना सगळं सांगितलं. गप्प ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे पोरं बरोबर करत हुती आणि आपण चुकीचं शिकवलं व्हय रं." मी म्हटलं निदान मैदानाच्या मागच्या लाइनीवर तरी वाकू द्या. मग त्यांनीच स्वतः उठून, त्या वयात, गुडघ्यावर हात ठेवून दोन-चार श्वास घेतले, सरळ होऊन हात डोक्यावर ठेवून परत घेतले, आणि काही न बोलता पंचाच्या खुर्चीत जाऊन बसले. नंतर एका पोराला "वाक की जरा" म्हणताना मी ऐकलंय.

९ डिसेंबर

ऊसतोड जोरात चालू आहे, संध्याकाळी कुणीतरी पाचट पेटवतंय आणि धूर मैदानावर उतरतो. आज धावा बंद, नुसत्या पकडींचा सराव. श्वासाचा प्रयोग करायचा आणि पोरांना धुरात पळवायचं हे जमायचं नाही.

१४ डिसेंबर

मधलं मोजमाप. भाराच्या गटाचे आकडे बऱ्यापैकी वर गेलेत, अडतीवाला ९० च्या पुढं आलाय, पोरं त्याला खांद्यावर घ्यायची बाकी होती. १५ टक्केवाल्यांचे जवळजवळ तिथंच. म्हणजे स्नायू वाढतोय ह्यात शंका नाही, पण यंत्रावर सराव केला की यंत्रावरचा आकडा वाढणारच, त्यात मोठं काय. खेळात उतरतं का तो प्रश्न वेगळा.

त्याहून मजेची गोष्ट ही की हलक्या भाराच्या गटातली दोन पोरं मला येऊन सांगतात, सर लय फरक पडलाय, दुसऱ्या हाफला श्वास मोकळा वाटतोय. मी गप्प बसलो, करणार काय. डेम्प्सींच्याच सहकाऱ्यांनी २००१ साली सायकलपटूंवर असाच प्रयोग केला होता, एका गटाला खरा व्यायाम, दुसऱ्याला नुसतं नावापुरतं यंत्र. टिकून राहण्याच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले, आणि दोघांतला फरक भरवसा ठेवावा इतका निघाला नाही. उलट त्याच्या आसपासच रोमर आणि मॅककॉनेल ह्यांच्या प्रयोगात सायकलपटू २० आणि ४० किलोमीटरला सुमारे ४ टक्क्यांनी वेगवान झाले, आणि व्होलियानिटिस ह्यांच्या प्रयोगात नाव वल्हवणाऱ्या मुलींनी सहा मिनिटांत ३.५ टक्के जास्त अंतर कापलं, पण त्यातही नावापुरत्या गटाचं अंतर १.६ टक्क्यांनी वाढलंच होतं. म्हणून म्हणतो, जो कोच गट न पाडता सांगतो की आमच्या पोरांना अमुक यंत्रानं जबरदस्त फायदा झाला, त्याचं ऐकावं आणि चहा पिऊन घरी यावं.

२१ डिसेंबर

नवीन वाचनात आलेलं. जोराच्या व्यायामानंतर लगेच अगदी हलक्या अडथळ्यातून, म्हणजे १५ सेंटिमीटर पाण्याच्या आसपास, श्वास घेत राहिलं तर रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या कामात स्नायूंत तयार होऊन रक्तात साठतं ते) जास्त लवकर खाली येतं, ब्राझीलमधल्या चियाप्पा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलंय. श्वासाचे स्नायू स्वतःच ते लॅक्टेट इंधन म्हणून जाळत असावेत असा अंदाज. डोक्यात लगेच आलं, हाफटाइमला पाच मिनिटं असतात, तेव्हा यंत्र द्यायचं का पोरांना.

आज सरावाच्या मॅचला देऊन बघितलं. एकाचं यंत्र सापडेना, एकाच्यात माती, कॅप्टनला मला स्ट्रॅटेजी सांगायची होती आणि त्याच्या तोंडात नळी. पाणी कधी प्यायचं मग. हे कबड्डीत बसत नाही, निदान आमच्यात नाही. दिवसातनं दोन-तीन मॅचेस असल्या तर दोन मॅचच्या मधल्या वेळेत मात्र विचार करता येईल.

वॉर्मअपला वापरणं सोपं आहे. ४० टक्के भारावर ३० श्वास, थोडं थांबून परत ३०. वल्हवणाऱ्यांवर ह्याचा फायदा दिसलेला आहे आणि पोरांना पण पहिल्या चढाईला घुसमटत नाही असं वाटतंय. वाटतंय एवढंच लिहितो.

४ जानेवारी

शेवटची चाचणी काल आणि आज. थंडी मरणाची, नदीकडनं धुकं, म्हणून सकाळची वेळ बदलून पहिल्या चाचणीसारखीच संध्याकाळी घेतली. शिपाई दादांना घड्याळासोबत कानटोपी पण.

काय निघालं ते सरळ लिहितो. २० मीटरच्या धावेचा वेग कुणाचाच वाढला नाही, कुठल्याच गटात. वेगासाठी हे करत असाल तर पैसे वाचवा. थांबण्याचा वेळ भाराच्या गटात बहुतेकांचा कमी झाला, आणि शेवटच्या शेवटच्या धावांमधे तर डोळ्यांना दिसत होता फरक, आधी जिथं पोरगं मान खाली घालून उभं असायचं तिथं आता ते लाइनीवर येऊन उभं राहतं. हलक्या गटात एखाद्याचा कमी झाला, बाकीच्यांचा तसाच. दम लागल्याचा त्रास ० ते १० मधे सांगा असं विचारत होतो, त्यात भारवाल्यांनी आधीपेक्षा कमी आकडे सांगितले, हलक्या गटातल्या त्या दोघांनी पण सांगितले.

आमचा मेन रेडर भाराच्या गटात होता आणि त्याच्यात काही म्हणजे काहीच बदल नाही. यंत्रावरचा आकडा वाढला, थांबण्याचा वेळ तोच. तो आधीच सगळ्यात तयार, सकाळी पळतो, संध्याकाळी खेळतो, त्याला वाढायला जागा कुठाय. २०१२ साली इली आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला होता, त्यातही हेच, की कमी तयारीच्या माणसाला फायदा जास्त. सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला तर अडतीवाल्याला आणि कुपवाडच्या शिफ्टवाल्याला, ज्यांना आठवड्यातनं निम्मेच दिवस सरावाला येता येतं. मला ह्या सगळ्या खटाटोपातनं मिळालेली कामाची गोष्ट ही वाटते. शिफ्टवाला पोरगा मैदानावर येऊ शकत नाही, पण यंत्र खिशात घालून कंपनीच्या कँटीनमधे पाच मिनिटांत ३० श्वास ओढू शकतो, आणि मग बेंचवरनं उठून दुसऱ्या हाफला आत आला तर त्याचा श्वास मॅच जिंकायच्या कामाचा असतो.

पोरं थोडी, काळ थोडा, शास्त्रज्ञ मी नाही. मॅडम म्हणाल्या एवढ्या संख्येवर काही सिद्ध झालं असं म्हणू नका. नाही म्हणत.

आण्णांचं मत वेगळं. त्यांच्या मते फरक पडला तो पोरं दोन महिने न चुकता सकाळी उठली म्हणून. हलका गट पण उठत होताच की, म्हटलं. "मग त्येंची बी मोज परत," म्हणाले.

११ जानेवारी

हलक्या गटाच्या टोप्यांवरची टेप काढली आणि आकडा बघितल्यावर जो काय गोंगाट झाला. लेफ्ट कॉर्नरनं मला चार दिवस जेवणाची शपथ घातली. आता त्यांना निम्म्या भारापासून सुरुवात, सहा आठवडे, आणि आण्णांच्या म्हणण्याप्रमाणं परत मोजणार.

आधीच्या गटाला आता रोज नको. कमावलेला जोर टिकवायला आठवड्यातनं दोन दिवस पुरतात, हे पण रोमर-मॅककॉनेलनीच मोजून ठेवलंय, सहा दिवसांवरनं दोनवर आणलं तरी कित्येक आठवडे आकडा उतरत नाही. मंगळवार आणि शुक्रवार धरलेत, कारण बाजाराचा दिवस आहे अशी सबब कुणी सांगू नये.

एक बाहेरची गोष्ट. अडतीवाल्याच्या वडलांना बीपी आहे, त्यांनी विचारलं मी ओढू का हे. कोलोरॅडो विद्यापीठात २०२१ साली पन्नाशीच्या पुढच्या लोकांवर ७५ टक्के भारानं दिवसाला ३० श्वास असा सहा आठवड्यांचा प्रयोग झाला होता, वरचं बीपी सरासरी ९ नं खाली आलं. त्यांना सांगितलं गोळ्या बंद करायच्या नाहीत, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर पोराचं यंत्र घेऊ नका, वेगळं घ्या. ते म्हणाले धुऊन घेतो की.

यात्रेच्या स्पर्धेचा ड्रॉ २० तारखेला. यंत्रं मोजून घेतली, दोन कमी आहेत, एक राइट कव्हरकडं असणार कारण परवा छातीच्या डॉक्टरांनी त्याला हो म्हटलंय, दुसऱ्याचा तपास लागला नाही. रबराचे तुकडे नवीन मागवायचे आहेत. खजिनदारांना उद्या भेटतो.